भट्टीवाल्याची पाठ

कुताइसीत पहाटे साडेचारला
ओतारी भट्टीत वाकायचा, कमरेपर्यंत आत,
जणू विहिरीत पडलेली घागर शोधतोय.
होडीसारखी ताणलेली कणीक
तापल्या भिंतीवर थापायची आणि
तोल जायच्या आत वर यायचं.
एकतीस वर्षं. दिवसाला चारशे पाव.

मग फेब्रुवारीत एकदा तो वर आलाच नाही.
म्हणजे आला, पण अर्धाच.
मी आणि पोऱ्यानं त्याला फळीसारखा उचलून
पिठाच्या पोत्यांवर ठेवला.

अकरा दिवस त्यानं पाठ टेकली ती टेकलीच.
नणंद अस्वलाची चरबी घेऊन आली.
शेजारच्या गोगीनं मीठ भाजून मोज्यात भरलं
(त्यानं बरं वाटलं, खोटं कशाला बोला).
पाठीचा फोटो काढला. त्यात
मणक्यांमधली एक गादी सरकलेली.
तो कागद त्यानं उशाशी ठेवला,
मृत्युपत्र ठेवावं तसा.

डॉक्टर नातेला, पोरसवदा, पायात खेळायचे बूट.
तिनं त्याचे पाय रेटून बघितले,
लघवीचं विचारलं, तेव्हा हा भिंतीकडे वळला.
मग कागद उजेडात धरून म्हणाली,
"काका, केस पिकले म्हणून कुणी खाट धरतं का?
हेही तसलंच पिकणं. उठा.
दुखेल. दुखलं म्हणजे तुटलं असं नसतं."

पहिल्या दिवशी दारापर्यंत.
दुसऱ्या दिवशी शिव्या देत चांभाराच्या दुकानापर्यंत.
महिन्यानं रिओनी नदीवरच्या पुलापर्यंत.

रात्री घोंगडीवर
मांजरीसारखी पाठ वर, मग खाली,
ओठांतल्या ओठांत मोजत.
शाळेत कधी काही पाठ केलं नाही त्यानं.
आता पाठच पाठ करत होता.

एप्रिलात पुन्हा धरली.
मी घाबरले. तो नाही.
मीठ भाज म्हणाला, आणि हळूहळू चालायला गेला.

आता निम्मे पाव मझिया थापते, आमची लेक.
हा मागून ओरडतो,
"कमरेतून नाही गं, खुब्यातून वाक!"
दुखणं गेलं का, विचारलं तर म्हणतो,
"भाडेकरू झालंय. राहू दे.
रोज पुलापर्यंत फिरवून आणतो त्याला."

मी एकतीस वर्षं उभ्यानं कणीक मळते.
संध्याकाळी ओट्याला टेकते, कुणी बघत नसताना.
माझ्या पाठीचा फोटो कुणी काढलेला नाही.
उद्या म्हणते,
पुलापर्यंत मीही जाईन.