वाऱ्याचा वाटा

दोन्या एर्मिंदा कुंपणापलीकडून ओरडून सांगते,
ओरडून, कारण कालेता ओलिव्हियात
हळू बोललेलं थेट समुद्रात जातं:
"भट्टी नको, अंडी नकोत, अक्कल तर मुळीच नको.
बिस्किटं दुधात बुडव आणि रच.
विटा रचल्यात ना कधी?"

रचल्यात. हे घर मीच रचलंय,
म्हणून तर उत्तरेची भिंत जराशी कललेली.

रात्रीचे साडेदहा. रेनाता दवाखान्यात, रात्रपाळीला.
मालेन झोपलीय,
किंवा झोपेचं सोंग छान वठवतेय.
उद्या चार पूर्ण.
आधीच्या तिन्ही वाढदिवसांना मी तेलविहिरीवर.
चौदा दिवस तिकडे, सात दिवस इकडे,
आणि तिची तारीख नेमकी तिकडच्या दिवसांत.
मी फोनवरून फुंकर घालायचो.
गेल्या वर्षी म्हणाली, "पापा, नुसती खरखर येतेय."

चॉकलेटची बिस्किटं, तीन पुडे.
क्रीम चीजचा एक डबा.
आटून आटून तांबूस झालेल्या दुधाची बरणी,
झाकण असं बसलेलं की पान्हा आणावा लागला.
मोठ्यांसाठी कॉफीत बुडवतात. हिच्यासाठी दूध.
एक, दोन म्हणायचं आणि काढायचं.
तीन म्हटलं की बिस्किट
बोटांतून सुटून तळाशी जाऊन बसतं.
पहिली पाच अशीच गेली.
माझ्या हातांना लोखंड कळतं,
किती आवळायचं ते कळतं.
किती सैल धरायचं
हे कुणी विचारलंच नव्हतं आजवर.

नळ तीन दिवस कोरडा, टँकर शुक्रवारी.
म्हणून एकच चमचा, एकच वाडगं,
आणि जे सांडेल ते चाटायचं.
एक थर बिस्किटांचा, एक थर गिलाव्याचा.
छपराचा पत्रा रात्रभर दात वाजवतोय.
पाचव्या थराला तीन बिस्किटं कमी पडली.
दुकान केव्हाच बंद.
मी कोपऱ्यात शिळ्या पावाचा तुकडा बसवला,
वरून जाड लिंपलं.
भिंतींतही असं करतात.
कुठलाच गवंडी कबूल करणार नाही.

सकाळी फ्रीज उघडला
तर नेमका तोच कोपरा उघडा,
मलई गायब,
पावावर चार दातांची महिरप.

"कुणी खाल्लं?"
"वाऱ्यानं."
ओठांवर तपकिरी मिशी.
"फ्रीजमध्ये शिरला वारा?"
"तो कुठेही शिरतो. तूच म्हणतोस."
म्हणतो खरा.
"आवडलं का त्याला?"
ती जरा थांबली.
"नाही. त्याला पाव लागला."

संध्याकाळी सगळे जमले,
रेनाता डोळे चोळत, माझा भाऊ एलाडिओ,
वरच्या गल्लीतली दोन पोरं, एकाचा बूट वाटेत हरवलेला.
चार मेणबत्त्या लावल्या, सूर धरला,
आणि उशिरा आलेल्या दोन्या एर्मिंदानं
दार उघडलं.

चारही गेल्या. एका दमात.

कुणी हललं नाही.
मालेनचा खालचा ओठ पुढे आला,
मी पाहिला, रेनातानंही पाहिला.
मग तिनं त्या धुराकडे बघत विचारलं,
"तो किती वर्षांचा झाला?"

"खूप," दोन्या एर्मिंदा दार पाठीनं रेटत म्हणाली,
"माझ्याहूनही म्हातारा आहे मेला."

दुसऱ्यांदा लावल्या तेव्हा
सगळ्यांनी भोवती हात धरले,
माझे, एलाडिओचे, बूट नसलेल्या पोराचे,
आणि त्या ओंजळीत तोंड घालून तिनं फुंकर मारली.
थुंकीसकट.
अर्धी माझ्या मनगटावर.

पहाटे चार. कामावर नेणारी बस कोपऱ्यावर घरघरतेय.
ट्रे तसाच पडलाय, पाणी अजून नाही.
मी अंगात कोट घालून उभ्याउभ्या
चमच्यानं तळ खरवडतो.
खरवडीत एक छोटं बोट उमटलंय,
सरळ, खोल, या टोकापासून त्या टोकापर्यंत.
तेवढं सोडून
बाकीचं खातो.