लाल पेन

खिडकीवरच्या पाटीवर रंगानं लिहिलंय:
सर्वांसाठी एकच वेळ. नऊ ते बारा.
मीच लिहून घेतलं होतं पेंटरकडून,
'सर्वांसाठी' जरा ठळक.
मला ते फार न्यायाचं वाटायचं.

खिडकीच्या आत मी, क्षयाचं रजिस्टर, दोन पेनं.
निळं आलेल्यांचं, लाल न आलेल्यांचं.
राजव्वा मेरगू, वय एक्कावन्न, विडी कामगार:
नावापुढं लालच लाल,
आणि शेवटच्या रकान्यात, सुवाच्य अक्षरात,
डिफॉल्टर.

बिराजदार सिस्टर बदलून आल्या अक्कलकोटहून.
आठवडाभर नुसतं बघत होत्या.
मग एका मंगळवारी, बाराला पाच कमी असताना,
राजव्वाला आत घेतलं
आणि माझ्या खुर्चीवर बसवलं.
मी बाहेरच्या बाजूला जाऊन उभा राहिलो, रागानं,
तेव्हा कळलं
खिडकी किती खाली आहे ते.
बोलायचं तर माणसाला वाकावंच लागतं.

सिस्टरना कानडी येतं. राजव्वाचं तेलुगू.
मराठी दोघींना येतं,
पण राजव्वाचं मराठी बाजाराचं,
भाजीच्या भावापुरतं. दुखण्याचं नाही.
मी पूर्व भागात अकरा वर्षं नोकरी केली,
मला तेलुगूतले आकडे येतात,
नंबर पुकारण्यापुरते.
शेवटी झाडणारी यल्लव्वा
झाडू भिंतीला टेकवून मधे बसली.

का येत नाही, असं सिस्टरनी विचारलं नाही.
ते मी विचारायचो, मोठ्यानं, रांगेसमोर.
त्या म्हणाल्या, तुम्हाला कधी जमतं?
यल्लव्वानं त्याचं एवढंच केलं:
'एप्पुडु?'

राजव्वा बराच वेळ हाताच्या बोटांकडं बघत राहिली.
मग सुरू झाली.
ब्रँच नऊला उघडते. हजार विड्या मोजून द्यायच्या,
त्यातल्या छाट म्हणून फेकल्या की परत वळायच्या,
पत्ता घ्यायचा, तंबाखू घ्यायची, उन्हातून घरी.
एक वाजतो.
तुमचं दार बाराला लागतं.
खाडा केला तर त्या दिवसाची मजुरी जाते,
खाडे वाढले की कार्डच जातं.

आणि मग आवाज खाली आला.
यल्लव्वानं पदर तोंडाशी नेला, सिस्टरच्या कानाशी वाकली.
मला ऐकू जाऊ नये म्हणून;
मी तीन फुटांवर होतो.
पहिल्या गोळीनंतर लघवी लाल झाली.
तिला वाटलं, रक्त.
औषध आतून फाडतंय.
ही गोष्ट माझ्या खिडकीतून सांगायची कशी,
मागं वीस माणसं, त्यात दोन दीर?

सिस्टर म्हणाल्या, रंग गोळीचा आहे. रक्त नाही.
सहा शब्द.
माझ्या रजिस्टरात त्यांना रकाना नव्हता.

आता खिडकी दोनपर्यंत उघडी असते.
माझा डबा गार होतो, हे मी सिस्टरना दोनदा ऐकवलंय.
त्या म्हणतात, मग तुम्ही बाराला जेवा, मी बसते.
वरून साहेब आले, कोणत्या परिपत्रकानुसार म्हणाले.
सिस्टर गप्प राहिल्या.
अजून उत्तर द्यायचंय. फाईल माझ्याच टेबलावर आहे.
पाटीचं काय करावं तेही ठरत नाही,
'एकच' वर कागद चिकटवलाय,
वाऱ्यानं उडतो.

राजव्वा येते. अजून मला घाबरते,
पट्टी घेते आणि माझ्याकडं न बघता निघते.
तिच्या अठरा खाड्यांची लाल फुलं
माझ्याच हातची आहेत, खोडरबरानं जात नाहीत.

गेल्या गुरुवारी ती आली नाही.
अडीच झाले. लाल पेनाचं टोपण काढलं.
मग परत लावलं.
यल्लव्वाकडून तो शब्द तीनदा म्हणवून घेतला
आणि फोन केला.
'राजव्वा, एप्पुडु?'

पलीकडं आधी हसू आलं, माझ्या उच्चाराला.
मग खोकला.
मग वेळ सांगितली.