घसा बसल्यानंतर

एकोणीस वर्षं दुसरी ते पाचवी
एकाच खोलीत, एकाच शेगडीभोवती शिकवली मी,
केहुई बेटावर.
डावीकडे पाढे, उजवीकडे शुद्धलेखन,
मधे ओल्या मोज्यांचा वास.
मग एका मार्चात हजेरी घेताना
'बार्रीआ'पर्यंत आले
आणि 'कार्कामो' तोंडातून निघालंच नाही.
पोरांना वाटलं, बाई रागावल्या.
इतकी चिडीचूप ती कधीच बसली नव्हती.

कास्त्रोच्या डॉक्टरनं आरसा धरून घशात पाहिलं.
दोन गाठी, मसुरीएवढ्या.
म्हणाला, कुजबुजसुद्धा करू नका.

शिक्षण खात्यात एक यादी माझ्यापुढे सरकवली:
'वर्गाबाहेरची पदे'.
साहेब म्हणाले, शिक्षण काय, सगळीकडेच असतं,
आणि उठून खिडकी लावून घेतली.

आधी भांडारात बसले.
फळा नसलेल्या खोलीत खडूंचे चौदाशे डबे.
मग प्रश्नपत्रिका तपासल्या:
'एका आगगाडीत तीनशे प्रवासी आहेत...'
आमच्या पोरांनी आगगाडी कुठे पाहिलीय?
समासात लिहिलं: होडी करा.
वरून शेरा आला: नमुन्याप्रमाणे ठेवा.

भावजय ओदिलिया बाजारात सांगत फिरायची,
हिची मास्तरकी सुटली.
सुटली म्हणजे काय, दात पडतो तशी?
जीभ मात्र त्याच खळग्यात जात राहिली.

शेवटी शाळेच्या लाँचवर जागा निघाली.
मुलं मोजायची, जाकिटांचे बंद आवळायचे.
पगार कमी. मी सही केली,
मग बराच वेळ पेनाचं टोपण शोधत बसले.

लाँच एलेउतेरिओची. चौथीतून शाळा सोडलेला माणूस.
सुकाणूवरून, पाण्यावरची नजर न काढता विचारतो:
भरती सव्वासहाला, तर ओहोटी कधी?
आणि मागच्या बाकावरून धाकटा मान्सिया,
ज्याला माझ्याकडून वजाबाकी कधी आली नाही,
म्हणतो: साडेबाराच्या आसपास,
पण काल चंद्र कुठे होता ते आधी सांग.

मला राग आला. खरंच, आधी रागच आला.
एवढी वर्षं मी फळ्यावर काय गिरवत होते?

आता हजेरी बोटांनी घेते.
खांद्यावर एक टिचकी: आहेस ना?
पोरं बाकावर टिचकी मारून सांगतात: आहे.
धुकं उतरलं की एलेउतेरिओ इंजिन बंद करतो,
मग तेवढाच आवाज.
टक्. टक्. टक्.

आज तेरा झाले.
चौदा हवेत.
पुन्हा मोजते.
तो काही विचारत नाही,
सोडलेला दोर परत खुंट्याला गुंडाळतो.

धक्क्याच्या पायऱ्यांवरून कुणीतरी धावत येतंय,
एक बूट पायात,
एक हातात.