ऊकोचा स्वेटर

किह्नू बेटावर बायकांचे घागरे बोलतात.
लाल पट्टे म्हणजे घरात सगळं ठीक,
काळे-निळे म्हणजे कुणी गेलंय.
दुःख निवळू लागलं की लाल रेघ परतते,
आधी सुतभर, मग बोटभर.
एल्वीमावशीने ऊकोसाठी असे नऊ घागरे विणले.
नववा त्याने नेसलाच नाही.

घडी घालून पेटीत ठेवला
आणि म्हणाला, मला खलाशांचा स्वेटर हवा,
निळा-पांढरा, काठाला लाल.
मावशी चार दिवस बोलली नाही.
पाचव्या दिवशी टेप घेऊन आली.
छाती मोजताना नजर खिडकीबाहेर,
गोठलेल्या समुद्रावर.
आकडा नुसताच पुटपुटली.

त्यांच्या भाषेत तो आणि ती एकच : ता.
त्यामुळे गावाची जीभ कुठे अडखळली नाही.
डोळे अडखळले.
फेरीबोटीच्या रांगेत म्हातारा आर्वेद
ऊकोला तिकिटासारखा
दोन्ही बाजूंनी न्याहाळायचा.

माझ्या भाषेचं उलट.
माझं 'पाहिलं', 'लिहिलं' मला झाकून घेतं,
पण नुसतं दाराशी यायचं म्हटलं
तरी आलो की आले, हे आधी सांगा.
लेकरू असतं तोवर ते.
मग तो नाहीतर ती.
केस पिकले की पुन्हा ते, आदराने.
मधली वर्षं ज्याची त्याने निभवायची.

हे ऊकोला सांगितलं तर हसला.
"मग तुझ्या गोष्टीत मी कोण?"
तो.
"कुठपासून?"
पहिल्या घागऱ्यापासून.
थोडा वेळ गप्प बसला,
मग धोटा पुन्हा उचलला.

हो, माग त्याने सोडलेला नाही.
बेटावरच्या निम्म्या नवऱ्या
त्याच्या हातचं नेसून चर्चची पायरी चढतात.
उन्हाळ्यात पाहुणे विचारतात, पुरुष असून?
पूर्वी समजावत बसायचा.
आता म्हणतो, पुरुष मी आहे.
माग लाकडाचा आहे.

मार्चमध्ये मावशी गेली.
ऊकोच्या स्वेटरात दुःखासाठी पट्टा नव्हता.
पेटीतला नववा घागरा त्याने काढला,
कडेची गडद निळी लोकर उसवली,
तिच्याच सुयांवर
दोन्ही मनगटांशी चार-चार ओळी घातल्या.
उजवीकडे एक टाका सुटलाय.
तो म्हणतो, राहू दे.