उंबऱ्याअलीकडे

दरवाज्यात आला की तो थांबतो.
ओहोटीच्या चिखलात होडी रुतावी
तसे पाय जागच्या जागी,
आणि मी म्हणते, "एक, दोन,"
अंगणवाडीतल्या पोरांना म्हणते त्याच आवाजात.

एकवीस वर्षं आचऱ्याच्या खाडीत
तरीची होडी चालवली त्याने.
पलीकडची माणसं अजून विचारतात, दाजी खय?
दाजी पडवीत. बसला की उजवा हात आपोआप चालतो,
अंगठा बोटावर, अंगठा बोटावर,
कुणाचे तरी सुटे पैसे मोजत.
काही उचलायला दिलं की हात शांत.
म्हणून मी काहीबाही सांगते:
सुंभाची गुंडी दे, नारळ दे, माझी चप्पल दे.

कुडाळचा डॉक्टर म्हणाला,
मेंदूच्या तळाशी काळसर पट्टी असते,
तिथल्या पेशी विझत चालल्यात.
किती उरल्या, मी विचारलं.
त्याने पेनाला टोपण लावलं.

मग नणंदेचा सर्वेश पत्रक घेऊन आला.
ठाण्याचा दवाखाना, गुळगुळीत कागद,
पांढऱ्या केसांचं जोडपं समुद्राकाठी धावतंय.
(आमच्या समुद्राकाठी असं कुणी धावत नाही.)
कमरेच्या हाडातून पेशी काढायच्या,
निवडायच्या, परत टोचायच्या.
चार सुया. साडेतीन लाख.
मूळपेशी, सर्वेश वाचत होता.
मला मूलपेशी ऐकू आलं.
अजून काहीच न झालेली पेशी, मामी,
म्हणाल ते होते.
तो शब्द मग बरेच दिवस फिरत राहिला
आमच्या पाळणा न टांगलेल्या घरात.

होडीला गिऱ्हाईकही ठरलं,
तळाशीलचा केळुसकर,
इंजिनासकट दोन ऐंशी.

डॉक्टरने पत्रक उलटसुलट पाहिलं.
"विज्ञान खरं आहे. थोड्या माणसांवर तपासतायत,
पैसे न घेता, एकेक नोंद ठेवून.
हे ते नव्हे."
मग ते कधी?
"आपल्या हयातीत, कदाचित."
आपल्या म्हणजे कुणाच्या,
ते मी विचारलं नाही. तो तिशीचा असेल.

त्या संध्याकाळी शेजारणीने कुर्ल्या दिल्या, पाच.
एकीची एक नांगी काळी, दणकट,
दुसरी करंगळीएवढी, नुकती फुटलेली, दुधाळ.
तो बघत राहिला.
चेहरा हलला नाही, हल्ली हलतच नाही.
"हिका सुई कोणी दिल्यान?"
हसला असावा.
मला धक्क्यापर्यंत धरून न्यायला लावलं,
तिला पाण्यात सोडली,
हात जरासुद्धा थरथरला नाही.
परतताना एवढंच,
"होडी इकू नको."

रात्री मी खळ शिजवली.
पत्रकाच्या पट्ट्या कापल्या,
उंबऱ्यापासून पडवीच्या पायरीपर्यंत
पावलापावलाच्या अंतराने चिकटवल्या.
आडवी रेघ दिसली की अडलेला पाय उचलतो,
हे व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीने सांगितलेलं.
चार वितींचं हे औषध, फुकट.

सकाळी तो थांबला. खाली पाहिलं.
मग "खात्रीशीर" ओलांडलं,
मग म्हातारीचे धावते पाय,
मग "आजच संपर्क साधा",
आणि उन्हात जाऊन बसला.

फोन नंबराची पट्टी मी लावली नाही.
ती तांदळाच्या डब्यात आहे, झाकणाच्या आतल्या बाजूला.
रोज दोनदा डबा उघडते.
तिकडे बघत नाही.