इतिवृत्त

बापाची वही शंभर पानी.
मुखपृष्ठावर पाढे, आत तेरा माणसं.
नावं नाहीत. नुसती टाचणीएवढी डोकी
आणि एकाकडून दुसऱ्याकडे गेलेल्या पेन्सिलीच्या रेघा,
खाणीच्या नकाशात बोगदे असतात तशा.

तीस वर्षं त्यानं किटवेच्या पोटात भोकं पाडली.
खाली काय चाललंय ते वरच्याला दिसत नाही,
हे त्याला कुणी शिकवायला नको.

वुसाकिलेत दिवे गेले की तो सुरू होतो.
तेरा जण, चिलुफ्या. एकच टेबल.
तांब्याचा भाव तिथं ठरतो, मक्याचा तिथं,
पाऊस कुठं पाडायचा तेसुद्धा.
मी म्हणते, पाऊस कसा कुणी पाडेल?
तो म्हणतो, मग दवाखाना कसा बंद पाडला?

इथं माझं बोलणं खुंटतं.
दवाखाना खरंच बंद झाला होता.
परदेशातून आलेल्या कागदावर
'खर्चाची फेरमांडणी' असे दोन शब्द होते,
आणि त्याच आठवड्यात आई
चितेंगेत गुंडाळलेली, हातगाडीवरून
दुसऱ्या दवाखान्याकडे निघाली होती.
निघाली होती. एवढंच.

आता पांढऱ्या गाडीतून पोरी येतात,
कॉलऱ्याची लस घेऊन, घरोघर, फुकट.
गाडीवर निळं गोल चिन्ह.
ते वेगळं, कागदावरचं वेगळं, मी सांगते.
बापाला गोल तेवढा दिसतो.
'कुलूप ज्यांनी लावलं, औषधही त्यांच्याच हातचं घ्यायचं?'
पोरी चांगल्या आहेत. एक तर शेजारच्या म्वान्साची नात.
नळाच्या पाण्याला गेले आठ दिवस वास येतोय.

मला लुसाकात काम लागलं ते असं :
बैठकीला बसायचं, टिपणं घ्यायची,
तोंड उघडायचं नाही.

मी ते टेबल पाहिलं.
लांबट, प्लायवुडचं,
डुगडुगतं म्हणून एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी.
बिस्किटं सादळलेली.
सर्दीनं बेजार एक पोरगा, फार तर अठ्ठावीसचा,
नाकाला रुमाल लावून
पडद्यावरच्या तक्त्यातला एक आकडा पुसतो,
दुसरा टाकतो, म्हणतो, हा जरा बरा दिसतो.
कुणी दात विचकत नाही. कुणी कुजबुजत नाही.
एकजण सारखा घड्याळ बघतो,
मुलीला शाळेतून आणायचंय त्याला.
मी लिहिते : ओळ चौदा, मान्य.
ओळीचं नाव डावीकडं, पडद्याबाहेर गेलेलं.
ते आत ओढावं असं कुणाला वाटलं नाही.
मलाही नाही.

रात्री बसमध्ये, काबवेच्या पुढे,
मांडीवर कागद उघडून मी बोट फिरवलं.
ओळ चौदा : सुईणी. उत्तरेकडच्या.

पोचले तेव्हा उजाडायचं होतं.
ढिगावर तापली मळी ओतत होते, आभाळ लाल झालं, विझलं.
बाप जागाच. 'किती होते?'

तेरा म्हणावंसं वाटलं.
तेरा असते तर बरंच झालं असतं.
एखाद्याला वाटेत गाठता आलं असतं,
निदान शिवी कुठं हासडायची ते कळलं असतं.

'सात,' मी म्हटलं. 'एक खुर्ची रिकामी.'

पेन्सिल थांबली.
मग त्यानं नव्या पानावर एक चौकोन काढला,
आत काहीच नाही,
आणि तो गिरवत राहिला, गिरवत राहिला, कागद फाटेपर्यंत.
'हाच तो,' म्हणाला.

खुर्चीपुढं पाटी होती. मी वाचली होती.
तिच्यावर आपल्याच देशाचं नाव होतं.
साहेब यायचे होते, आले नाहीत,
कळवलंही नाही.

हे अजून सांगायचं आहे त्याला.
तो चाकूनं पेन्सिलीला टोक करत बसला होता,
ढलप्या मांडीवर पडत होत्या,
आणि दारात गाडी थांबली.
म्वान्साच्या नातीनं बाटलीचं बूच काढलं.
आतून तो बघत होता, मला पाठीवर कळत होतं.
मी उंबऱ्यात उभी राहिले
आणि तोंड उघडलं.