मिरचीचे हात

साडेदहाला काटा बंद होतो.
शेवटचं पोतं मी वहीत उतरवते, चौतीस किलो दोनशे,
आणि दारात ओढणी झटकते.
दशरथ वळवी तोंड फिरवून शिंकतो,
म्हणतो, बाई, थांबा, रिक्षा येईल.
रिक्षा येत नाही.
हंगामात रोज तो हेच म्हणतो
आणि रोज मी निघते.

गेल्या महिन्यात ठाण्यातून एक मॅडम आल्या होत्या,
रात्रीबेरात्री बाईने कसं जपावं ते सांगायला.
पोत्यांना टेकून आम्ही चाळीसजणी,
नाकाला पदर, ओटीत देठ.
मॅडम म्हणाल्या, पर्समध्ये मिरचीपूड ठेवत जा.
आधी ताराबाई पाडवी हसली,
मग अख्खं शेड.
मॅडमही हसल्या, खोकत खोकत,
आणि जाताना किलोभर घेऊन गेल्या, घरच्यासाठी.

पथारीच्या कडेने तीनशे पावलं.
वाळत घातलेली मिरची अंधारातही लाल आहे
हे नाकाला कळतं.
मग रेल्वेचं फाटक.
मग गुत्त्यामागचा बोळ टाळून
शाळेच्या भिंतीवरून लांबचा रस्ता,
कारण तिथे एक दिवा आहे, आणि एक कुत्री,
जिला दुपारची अर्धी भाकर घालून घालून
मी आपली करून ठेवलीय.
किल्ली बोटांच्या बेचक्यात धरायची
हे मला कुणी शिकवलं नाही.

वाटेत आईचा एक फोन येतो.
कथा शे व माय?
फाटकाजवळ, म्हणते मी, कुठेही असले तरी.
मग बॅटरी जाते.

मग मेलेला फोन कानाला लावून
मी दादाशी बोलते.
मला दादा नाही.
तीन हंगामांत तो हळूहळू झाला.
आधी नुसतं हो, हो, आलेच.
मग त्याला बुलेट आली,
मग नवापूरला हवालदारकी,
मग गुडघ्याचं दुखणं.
कधी मी त्याच्यावर खरीच चिडते,
वहिनीला दिवाळीला माहेरी का नाही धाडलं म्हणून.

परवा शाळेजवळ मागून मोटरसायकल आली
आणि पुढे गेली नाही.
माझ्याच चालीने चालली.
मी दादाला मोठ्याने म्हटलं,
दिसलास रे, तिथेच उभा राहा.
हेल्मेटमधून आवाज आला,
ताई, फोन उलटा धरलाय तुम्ही.
सोडू का घरी?

आवाज चांगला होता.
वाईट माणसाचाही असतो.
कुत्री उठून उभी राहिली.
तो अजून जवळ आला, एक हातभर,
आणि शिंकला.
पुन्हा शिंकला. सात वेळा, मी मोजलं,
काट्यावरची सवय.
काचेच्या आत शिंकत होता बिचारा.
बिचारा म्हणाले का मी?
डोळे चोळत, गाडी वेडीवाकडी हाकत
तो धुळ्याच्या रस्त्याला लागला.

त्याच्या मनात काय होतं, मला माहीत नाही.
असेल, एखादा भला माणूसही असेल,
बहिणीला रोज स्टँडवरून आणणारा.
असू दे.
वहीत आवक आहे, जावक आहे, घट आहे,
हे कुठल्या रकान्यात मांडायचं
ते मला दोन दिवस सुचत नाहीय.

आई दारातच होती. उनी का व?
चंदी झोपेतून उठून धावली,
मी लांबूनच ओरडले, हात नको लावू, थांब.
मोरीत आधी गोडंतेल, मग साबण, मग पुन्हा तेल.
गार पाण्यात बोटं पेटतात.
तेव्हा कुठे पाय कापायला लागले
आणि डोळे भरून आले,
ते मी कोपराने पुसले.
या हातांनी पुसता येत नाहीत.

चंदी उंबऱ्यावर बसून बघत होती.
गल्लीत माझा आवाज तिला रोज ऐकू येतो
हे मला ठाऊकच नव्हतं.
म्हणाली, मम्मी, मामा आज कुठपर्यंत आला होता?

शाळेपर्यंत, म्हटलं मी.
पुढे नाही आला.
गुडघा दुखतो त्याचा.